थंडीत डिझेल ट्रक किती वेळ तापवावा?

नाशिकचा कांदा किंवा द्राक्षं घेऊन डिसेंबरात उत्तरेकडे निघालेल्या चालकांना पहाटे ढाब्यावर एक प्रश्न विचारून पाहावा. इंजिन सुरू केल्यावर गाडी किती वेळ जागेवर चालू ठेवायची? जुना उस्ताद अर्धा तास सांगतो. नव्या गाडीवरचा तरुण चालक म्हणतो, हवा बनली की निघायचं. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत बहुधा तीन ते पाच मिनिटं लिहिलेली असतात. आणि लडाखला जाणारा कुणी भेटला तर तो सांगतो, रात्री इंजिन बंदच करायचं नाही.

यातलं कुणीच हवेत बोलत नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळं इंजिन, वेगळं ऑइल आणि वेगळी थंडी असते, म्हणून उत्तरं जुळत नाहीत. शिवाय ‘गाडी तापवणं’ या एका शब्दात आपण चार-पाच निरनिराळी कामं कोंबतो. सिलिंडरमधली हवा, चेंबरमधलं ऑइल, टाकीतलं डिझेल, बॅटरी, गिअर बॉक्स, ब्रेकची हवा या सगळ्यांवर थंडीचा परिणाम वेगवेगळा होतो आणि त्यावरचे उपायही वेगळे आहेत. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं हा त्यातल्या फार थोड्या गोष्टींवरचा इलाज आहे.

सुरुवात हवेपासून करू. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२मध्ये ज्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला, तिच्यात ठिणगीला जागाच नव्हती. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारलं की ते पेटेल. आजच्या ट्रकच्या इंजिनात हवा सोळा ते अठरा पट दाबली जाते आणि तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं. पण ही झाली कोमट किंवा गरम इंजिनाची गोष्ट. रात्रभर गारठलेलं लोखंड दाबल्या जाणाऱ्या हवेतली उष्णता शोषून घेतं. त्यात स्टार्टर मंद फिरत असेल तर उष्णतेला निसटायला आणखी वेळ मिळतो, रिंगांच्या फटीतून थोडी हवाही गळते. मग डिझेल फवारलं जातं, पण पेटत नाही किंवा अर्धवट पेटतं. सायलेन्सरमधून येणारा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे हेच न जळलेलं डिझेल असतं.

उंचीवर ही अडचण वाढते. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो. मनालीकडून लेहला येताना लागणारा तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे, तिथे तो निम्म्यावर येतो. दाबायला हवाच कमी, म्हणून तापणारी हवाही कमी. सपाटीवर शून्य अंशाला एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी खिंडीत तेवढ्याच थंडीत अडून बसते, याचं कारण हे आहे.

छोट्या डिझेल गाड्यांत यासाठी हिटर प्लग असतात. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा हवा आत येण्याच्या मार्गावर तापणारी जाळी बसवलेली असते. चावी फिरवल्यावर पेटणारा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारायचा नाही, हा नियम तिच्यासाठीच आहे. घाईत तो सर्रास मोडला जातो. त्याहून वाईट म्हणजे रॉकेलमध्ये भिजवलेला पेटता बोळा हवेच्या नळीशी धरणं किंवा ईथरचा फवारा मारणं. जुन्या, हिटर नसलेल्या इंजिनावर हे प्रकार कधीकाळी खपून गेले. तापलेल्या जाळीवर किंवा प्लगवर ईथर पडलं तर नळीतच स्फोट होतो, पिस्टन आणि रिंगा तुटतात. हा उपाय कुणी कितीही खात्रीने सुचवला तरी ऐकू नये.

बॅटरीचं दुखणं वेगळं. शिशाच्या बॅटरीची ताकद उणे १८ अंशांच्या आसपास जवळपास निम्म्यावर येते, आणि नेमकं त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे ५०लाही गोठत नाही. उतरलेली बॅटरी मात्र उणे दहाच्या सुमारास गोठू शकते आणि तिचं कवच फुटतं. त्यामुळे सपाटीवर ‘अजून एक हंगाम काढेल’ म्हणून ठेवलेली बॅटरी पहिल्या कडाक्याच्या रात्री दगा देते. इथे इंजिन तापवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते सुरूच होत नाही.

आता ऑइल. अर्ध्या तासाच्या जुन्या सवयीचं मूळ इथे सापडतं. एकेकाळी ट्रकमध्ये एकाच दर्जाचं जाड ऑइल वापरत. थंडीत ते इतकं घट्ट व्हायचं की वरच्या रॉकरपर्यंत पोहोचायला वेळ लागायचा, आणि तोवर धातूवर धातू घासत राहायचा. उस्तादांनी हे कानांनी ओळखलं होतं. इंजिनाची खडखड थांबून आवाज गोल झाला, की ऑइल पोहोचलं. त्या इंजिनांना, त्या ऑइलवर, ती सवय योग्यच होती.

आजचं ऑइल दुहेरी दर्जाचं असतं. आपल्याकडे ट्रकमध्ये सर्वाधिक चालणारं १५डब्ल्यू-४० उणे २० अंशांपर्यंत इंजिन फिरू देईल, या बेताने ठरवलेलं आहे. ५डब्ल्यूसाठी ही कसोटी उणे ३० अंशांना घेतात, ०डब्ल्यूसाठी उणे ३५ला. म्हणजे नागपूर, नाशिक, अगदी दिल्ली-अमृतसरच्या थंडीतही १५डब्ल्यू-४० काही सेकंदांत सगळीकडे पोहोचतं. द्रासच्या जानेवारीत मात्र तेच ऑइल मर्यादेबाहेर जातं, आणि तिथे गाडी कितीही वेळ उभी तापवली तरी पहिल्या काही फेऱ्यांत व्हायची ती झीज होऊन गेलेली असते. त्या भागात हिवाळा काढणाऱ्या गाडीत, कंपनीने मान्य केलेलं असेल तर, पातळ दर्जाचं ऑइल भरणं हा खरा इलाज आहे. तो इलाज चालकाच्या हातात नसतो, मालकाच्या असतो.

डिझेलच्या बाबतीत गैरसमज सर्वाधिक आहेत, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. डिझेलमध्ये मेणासारखे घटक नैसर्गिकपणेच असतात. त्यांच्यामुळेच ते चांगलं पेटतं. थंडीत ते घटक स्फटिक होऊन वेगळे व्हायला लागतात. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल तेल आधी गढूळ होतं आणि मग थिजतं, तसाच हा क्रम असतो. पण ट्रक अडायला डिझेल पूर्ण थिजावं लागत नाही. त्याच्या बऱ्याच आधी मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर थर धरतात आणि इंजिनाला डिझेल मिळेनासं होतं. म्हणूनच अनेकदा गाडी सुरू होते, दोन-चार किलोमीटर जाते आणि चढावर दम तोडते. चालक पंपाला, नोझलला दोष देतो. बिघाड फिल्टरमध्ये असतो.

भारतीय मानकांत डिझेल थंड फिल्टरमधून जाण्याची मर्यादा ऋतूनुसार ठरवलेली आहे, हिवाळ्यासाठी कमाल ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी कमाल १८ अंश. पंपावरचं डिझेल बहुतेक वेळा याहून बरं असतं, पण मैदानी प्रदेशासाठी आखलेलं ते इंधन लडाखच्या रात्रीसाठी नाही, एवढं त्यावरून कळतं. लडाखमध्ये यावर अनेक वर्षं एकच तोड होती. टाकीखाली स्टोव्ह लावायचा, जाळ करायचा, गरम पाण्याच्या चिंध्या फिल्टरभोवती गुंडाळायच्या, डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं. नोव्हेंबर २०१९मध्ये इंडियन ऑइलने पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेलं खास हिवाळी डिझेल लडाखसाठी आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. थंड प्रदेशातल्या वाहतुकीसाठी आपल्याकडे घडलेल्या सुधारणांत मी हिला फार वरचं स्थान देतो, कारण चालकाला आगीशी खेळायला लावणारी परिस्थितीच तिने बदलली.

ते डिझेल टाकीत असायला मात्र हवं. खाली मैदानात टाकी काठोकाठ भरून वर जायचं आणि मग वर भरायला जागाच नाही, असं होऊ नये. वर पोहोचताना टाकी बरीच रिकामी असावी आणि मुक्कामाआधी हिवाळी डिझेलने भरून घ्यावी. हिवाळी डिझेल भरल्यावरही इंजिन थोडं चालवावं, म्हणजे ते फिल्टरपर्यंत पोहोचेल, नाहीतर नळीत रात्रभर जुनंच डिझेल राहतं. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा खालचा नळ संध्याकाळीच उघडून पाणी काढून टाकावं. सकाळी त्याचा बर्फ झालेला असतो.

रॉकेल मिसळण्याबद्दल एवढंच की त्याने डिझेल पातळ होतं हे खरं, पण वंगणाचा गुणही कमी होतो. जुन्या पंपांनी ते सोसलं. आजच्या उच्च दाबाच्या पंपाचे आणि नोझलचे भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात. तिथे रॉकेल घालणं म्हणजे एका रात्रीच्या सोयीसाठी फार मोठा खर्च ओढवून घेणं.

आता मूळ प्रश्न. गाडी सुरू झाली, ऑइलचा दाब आला. पुढे किती वेळ उभं राहायचं?

डिझेल इंजिनाची एक खोड पेट्रोल गाडीवरून आलेल्या माणसाला पटकन पटत नाही. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, ते तापतच नाही म्हटलं तरी चालेल. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात लागतात. डिझेलमध्ये हवा दर फेरीला भरभरून आत येते आणि बिनकामाच्या वेळी इंधन अगदी थोडं फवारलं जातं. म्हणजे थोडीशी उष्णता निर्माण करून पुष्कळ थंड हवा आतून फिरवली जाते. शून्याखालच्या हवेत मोठं इंजिन तासभर उभं चालवलं तरी त्याचा काटा ८०-८५ अंशांपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो तिथपर्यंत, बहुधा पोहोचत नाही. तेच इंजिन माल घेऊन हळू चालायला लागलं की काही किलोमीटरांत काटा वर सरकतो. इंजिनाला ताप कामातून येतो.

अर्धवट थंड सिलिंडरमध्ये दीर्घकाळ थोडंथोडं डिझेल फवारत राहण्याचे तोटे आहेत. सगळं जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलचा पातळ थर धुऊन नेतं आणि रिंगांतून खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं. नोझल आणि व्हॉल्व्हवर काजळी-राळेचा थर चढतो, सायलेन्सरमध्ये ओलसर काळं डिझेल साचतं. कमी भारावर महिनोन्‌महिने चालणाऱ्या जनरेटरच्या इंजिनांत मेकॅनिक हेच पाहतात. म्हणजे इंजिनाच्या काळजीपोटी दिलेला अर्धा तास त्या इंजिनाचंच आयुष्य खातो.

पैशांचा हिशेबही लहान नाही. मोठ्या ट्रकचं इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण तीन लिटर डिझेल पितं. रोज अर्धा तास, तीन महिने, असं धरलं तर १३५ लिटर होतात. लिटरला ९० रुपयांच्या भावाने बारा हजारांच्या वर रुपये धुरात जातात, आणि तेही एका गाडीचे.

मग लगेच पहिला गिअर टाकून दामटावं का? अजिबात नाही. पुस्तिकेतल्या तीन ते पाच मिनिटांना ठोस कारण आहे. टर्बो भर वेगात मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, आणि त्याच्या बेअरिंगला आधार असतो तो फक्त ऑइलच्या थराचा. थंड, घट्ट ऑइल तिथवर पोहोचून स्थिर होण्याआधी जोराची रेस दिली तर पहिला बळी टर्बोचा जातो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असेल तर तो भोवतालच्या ओतीव लोखंडापेक्षा लवकर फुगतो, त्यामुळे अचानक भार टाकणं धोक्याचं. आणि ट्रकमध्ये निसर्गतःच एक घड्याळ बसवलेलं आहे, ते म्हणजे एअर ब्रेक. रात्रीतून टाक्यांतली हवा उतरलेली असते. ती पुन्हा सहा-आठ बारपर्यंत भरायला काही मिनिटं जातातच, आणि तोवर गाडी हलवणं जिवावरचं आहे. तेवढ्या वेळात काचा पुसाव्यात, टायर पाहावेत, हवेच्या टाक्यांचे नळ उघडून पाणी काढावं. तो तरुण चालक ‘हवा बनली की निघायचं’ म्हणतो, ते महाराष्ट्रातल्या आणि बहुतेक मैदानी भागातल्या थंडीसाठी शंभर टक्के बरोबर आहे.

निघाल्यावरचे पहिले दहा-पंधरा किलोमीटर हाच तापवण्याचा खरा काळ. खालचे गिअर, मध्यम फेरे, ओव्हरटेकची घाई नाही, चढावर पाय पूर्ण दाबायचा नाही. याचं आणखी एक कारण असं, की उभ्या गाडीत गिअर बॉक्सचं आणि क्राउनचं जाड ऑइल जवळजवळ थंडच राहतं. ते चाकं फिरल्याशिवाय तापत नाही. टायर, बेअरिंग, स्टिअरिंगही तसेच. अर्धा तास तापवून मग एकदम ऐंशीच्या वेगाने सुटणारा चालक इंजिन सोडून बाकी सगळी गाडी थंडच दामटत असतो.

बीएस-६ गाड्यांनी, म्हणजे १ एप्रिल २०२०नंतर विकल्या गेलेल्या ट्रकांनी, हा मुद्दा आणखी पक्का केला. त्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि पुढे युरियाच्या द्रावणाने विषारी वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा. ही यंत्रणा काम करायला धूर साधारण दोनशे अंशांच्या वर तापलेला लागतो. उभ्या इंजिनाचा धूर तिथवर सहसा जात नाही. मग काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि शेवटी गाडी वर्कशॉपला जाते. चालक ज्याला नुसता ‘युरिया’ म्हणतात ते द्रावण उणे ११ अंशांना गोठतं. त्याने घाबरू नये. टाकीतलं द्रावण इंजिनाच्या गरम कूलंटने वितळेल अशी सोय केलेली असते आणि तोवर गाडी चालू शकते. त्यात गरम पाणी ओतणं मात्र कटाक्षाने टाळावं.

खरी कडाक्याची थंडी, म्हणजे उणे पंधरा-वीसच्या खालची, हा निराळा विषय आहे. तिथे जगभरातल्या अनुभवाने एकच दिशा दाखवली आहे : इंजिन सुरू करण्याआधी तापवा. दुसऱ्या महायुद्धात १९४१च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन सैनिकांना रणगाड्यांखाली जाळ पेटवावे लागले. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याच्या डिझेल इंजिनाला मात्र सुरू करण्यासाठी दाबलेल्या हवेच्या बाटल्यांची सोय आधीच दिलेली होती. पुढे अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेडचा बोल्ट काढून त्या जागी बसवायचा विजेचा हिटर बनवला, त्याचं पेटंट १९४९मध्ये मिळालं. आज कॅनडाच्या थंड शहरांत वाहनतळावर विजेचे प्लग असतात आणि ट्रकच्या पुढून एक वायर लोंबत असते. कूलंट तापवणारा हा हिटर ट्रकसाठी हजार-दीड हजार वॉटचा असतो. रात्रभर लावायची गरज नसते, निघण्याआधी दोन-तीन तास पुरतात. कोमट ब्लॉक लगेच पेट घेतो, पांढरा धूर कमी, झीज कमी.

जिथे वीज नाही तिथे टाकीतल्याच डिझेलवर चालणारा लहान हिटर हा उत्तम पर्याय. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांचे असे हिटर युरोपातल्या ट्रकांत सर्रास असतात. ते कूलंट किंवा केबिनची हवा तापवतात आणि इंजिनाच्या मानाने डिझेलचा अगदी थोडा अंश वापरतात. सायबेरियात याकूतस्ककडे, उणे पन्नासमध्ये, ट्रक दिवसेंदिवस बंद करत नाहीत हे खरं आहे. तिथे बंद पडलेली गाडी म्हणजे माणसाचा मृत्यू असू शकतो. लडाखच्या चालकाचं ‘बंदच करायचं नाही’ हेही याच भीतीतून येतं आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. पर्याय नसेल तर इंजिन चालू ठेवावंच, फक्त फेरे हजाराच्या आसपास ठेवावेत, अगदी खाली सोडू नयेत. पण तो सक्तीचा मार्ग आहे, उत्तम मार्ग नव्हे.

या सगळ्यात जी गोष्ट पुस्तिका लिहीत नाहीत, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रात्री उभा ट्रक चालू ठेवणारा चालक पुष्कळदा इंजिन तापवत नसतो, स्वतःला तापवत असतो. केबिनमध्ये हिटर नाही, पांघरूण पुरत नाही, बाहेर पारा शून्याखाली. कॅलिफोर्नियात अवजड डिझेल वाहनं पाच मिनिटांपेक्षा जास्त उभी चालू ठेवायला कायद्याने बंदी आहे, पण तिथे केबिन गरम ठेवणारी स्वतंत्र साधनं सहज मिळतात. आपल्याकडे चालकाला नुसतं ‘डिझेल वाचव’ सांगून भागणार नाही. त्याने इंजिन बंद केलं तर तो केबिनमध्ये सिगडी पेटवेल, काचा बंद करेल, आणि कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोल्यांत आणि केबिनमध्ये माणसं अशीच झोपेत जातात. बर्फात रुतलेल्या चालू गाडीचा सायलेन्सर बुजला तर धूर केबिनमध्ये शिरून तोच धोका उभा राहतो.

म्हणून ही विनंती ट्रकमालकांना आहे. हिवाळ्यात गाडी काश्मीर, हिमाचल किंवा लडाखकडे पाठवणार असाल तर निघण्याआधी बॅटरी तपासून घ्या, कूलंटमध्ये अर्धं अँटिफ्रीझ आहे याची खात्री करा, त्या मिश्रणाला उणे ३५पर्यंत भीती नाही. डिझेलचे फिल्टर नवे घाला आणि एक जोडी जादा द्या. आणि केबिनसाठी डिझेलवर चालणारा हिटर बसवून घ्या. उभ्या इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या बचतीतून तो काही हंगामांत आपला खर्च भरून काढेल, आणि तुमचा चालक रात्री इंजिन बंद करून निर्धास्त झोपू शकेल.